बूथवाली मंदा

‘आमचा कुत्रा रात्री भुंकतो.’ असं वाक्य असलेली जाहिरात वाचून माणसं राहायला येतात, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला ओटीवरून खाली उतरवलं असतं. पण जिने ते लिहिलं तिला उतरवता येईना, कारण लिहिलं तेव्हा मीच तिच्या बूथवर बसलो होतो.

मंदाला आमच्या गावात बूथवाली मंदा म्हणत. लहानपणी तापात तिचा डावा पाय गेला. अशा माणसांना सरकार टेलिफोनचा बूथ द्यायचं, तसा अठ्ठ्याण्णव साली तिला मिळाला. एसटी थांब्याच्या बाजूला पत्र्याचं खोपटं, आत काचेची केबिन, बाहेर लाल प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत मंदा, खुर्चीला टेकवलेली काठी. लग्न झालं नव्हतं, भावाच्या घरी राहायची. भावजयीबद्दल विचारलं तर म्हणायची, “भावजय बरी आसा. म्हणानच तिच्या जिवार बसूचा नाय.” बूथ हे तिचं स्वतःचं होतं, आणि ते तिला भाकरीपेक्षा मोठं वाटायचं.

केबिनचा दरवाजा नीट लागत नसे. आतलं बोलणं बाहेर शब्दान् शब्द ऐकू यायचं. पण नंबर लागला की मंदा खुर्ची फिरवून तोंड भिंतीकडे करायची. भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, ते बघत बसायची. मी एकदा विचारलं, “मंदा, आयकतंस तर सगळा. मगे भित कित्याक बघतंस?”

“आयकणारा माणूस समोर दिसला की बोलणारो खोटा बोलता, आबा.”

आणि ऐकलेलं तिच्या तोंडून कधी बाहेर आलं नाही. गावात कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाचा जावई दुबईत खरंच कामाला आहे आणि कोणाचा नुसताच तिकडे आहे, हे तिला देवाखालोखाल माहीत असेल. पण विचाराल तर भिंत.

तिची दुसरी एक सवय होती, ती मला पहिल्यांदा फार झोंबली. माझा धाकटा भाऊ मुंबईला. आमच्या सामाईक परड्यातल्या फणसावरून आमचं वाजलं होतं. मी त्याला चार शब्द सुनवायला म्हणून तावातावाने बूथवर गेलो. मंदाने रिसीव्हरवर हात ठेवला.

“आधी माका सांगा, काय सांगूचा हा?”

“तुका कित्याक सांगू?”

“थंय मीटर पळता. हडे पळणा नाय.”

मी सांगितलं. फणसाचं सांगितलं, बापाने तो कोणाला दाखवून लावला ते सांगितलं, भावाच्या लग्नात माझ्या बायकोला पंगतीत शेवटी बसवली ते सांगितलं, त्याच्या बायकोचा स्वभाव सांगितला. मंदाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आता ह्यातला काय सांगूचा नाय, ता ठरवा. मगे उरतला ता सांगा.”

मी चिडलो. पण बसलो आणि एकेक गाळत गेलो. पंगत काढली. ती पंचवीस वर्षांची जुनी होती. बायकोचा स्वभाव काढला, कारण तो मी बोलून बदलणार नव्हता. बापाला मध्ये कशाला आणा, म्हणून तोही काढला. शेवटी फोनवर मी एवढंच बोललो, “फणस पिकलो हा. खाऊक ये.” मग भाऊ म्हणाला, “येतंय.” आला, आणि आठ दिवस राहून गेला. त्या दिवशी मी केबिनमधून बाहेर आलो तेव्हा मंदा भिंतीकडेच बघत होती.

मी चौथीपर्यंत शिकलो. नंतर मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर वाद आहे. जन्मभर होड्यांचं लाकूडकाम केलं. हात थकले तसं घराला लागून तीन खोल्या बांधल्या. दारं, खिडक्या, पलंग सगळं स्वतः केलं. किनाऱ्याकडे तेव्हा पाहुणे यायला लागले होते आणि लोक न्याहारी निवास काढत होते, तसा मीही काढला. पाटी लावली. पाटी वाचायला मात्र आमच्या वाडीतल्या गुरांशिवाय कोणी फिरकेना.

याच सुमारास मंदाचंही अवघड झालं होतं. गावात मोबाईल आले. जो तो माडाला पाठ लावून बोलू लागला, बूथ ओस पडला. केबिनमध्ये एक कोंबडी अंडं घालून जायची, तेवढीच वर्दळ. मंदा रडली नाही, तिने संगणक घेतला. टेलिफोनच्याच तारेतून नेट यायचं. जोडताना ते यंत्र किंचाळायचं, तेवढा वेळ ती हात जोडून बसायची. आम्ही हसायचो. ती म्हणायची, “देव उठता तेवा पण वेळ लागता.”

हल्ली ज्याला सोशल मीडिया म्हणतात ते तेव्हा नुकतं आलं होतं. मुंबईपुण्याची तरुण माणसं एकमेकांच्या पानावर जाऊन गप्पा मारायची. मंदाला एक कळलं, आणि ते कळणारी आमच्या भागात ती पहिली. ती म्हणाली, “आबा, ह्यो पण बूथच हा. फक्त दरवाजो अजिबात लागणा नाय.”

तिने मला म्हटलं, तुमच्या खोल्यांचं पान काढूया. मी तयार होतो. मजकूरही माझ्याकडे तयार होता: ‘सागरकिनारी भव्य व आलिशान निवास.’

“तीन खोले भव्य?” मंदा म्हणाली. “आणि दर्या खंय तुमच्या दारात? चलत गेल्यार पंधरा मिनटा लागतत.”

“सगळे तसाच लिवतत.”

“म्हणानच कोण वाचणा नाय.”

मग तिने लिहिलं. समुद्र पंधरा मिनिटांवर आहे, वाटेत एक चढ आहे. खोल्या तीन, पलंग घरमालकांनी स्वतः बनवलेले आहेत आणि ते तुम्हाला त्याबद्दल सांगतील. मासा ज्या दिवशी जो मिळेल तो. कुत्र्याचं नाव खंड्या, रात्री भुंकतो, चावत नाही. फोटो लावला तो माझ्या बायकोचा, घावने काढतानाचा, केसांना पीठ लागलेला.

मी पंधरा दिवस तिच्याशी बोललो नाही. बूथवरून जाताना दुसरीकडे तोंड करायचो. ती मात्र हाक मारायचीच, “आबा, बरा मां?” सोळाव्या दिवशी हाकेत भर पडली. “आबा, दादरच्या एका घोवबायलेन विचारल्यानी हा, खंड्याक काय आणूचा म्हणून.”

ती दोघं आली. खंड्यासाठी बिस्किटं घेऊन आली. पाठोपाठ दुसरी आली. मी चुकलो होतो असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण बोलायला लागलो.

एका पाहुण्याने जाऊन पानावर लिहिलं की उशा दगडासारख्या आहेत. मी तिला म्हटलं, पूस ते. ती पुसेना. माझ्या घरी आली, उशीवर डोकं ठेवून डोळे मिटून पडली. उठली आणि म्हणाली, “दगड बरो.” मग पानावर तिने उत्तर लिहिलं: ‘उशा खरंच कडक आहेत. आबा सोमवारी पिंजून आणतील.’ सगळ्या जगासमोर सोमवार सांगितला, आता काय करणार? मी पिंजून आणल्या. पुढे मासेवाले, होडीवाले, कोकमवाले असे आणखी पाचसहाजण तिच्याकडून पानं लिहून घेऊ लागले. पण ते सारे काठावर बसलेले. माझं कसं चालतं ते बघून पान चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार होते, आणि मंदाचं पुढचं सगळं त्यावर होतं.

अशात कणकवलीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाचं शिबिर झालं. प्रसिद्धी आणि जनसंपर्काची कामं करणाऱ्या लोकांसाठी. पतपेढीवाले, हॉटेलवाले, कॉलेजवाले. मंदाने नाव घातलं आणि सोबत म्हणून मी गेलो. शिकवायला पुण्याच्या केतकी मॅडम आल्या होत्या. त्यांची जाहिरातीची कंपनी होती. केस आखूड, बोलणं भरधाव. भिंतीवर चित्रं पाडून त्या सांगत होत्या: वारा बदललाय, आता लोकांवर ओरडायचं नाही, लोकांशी बोलायचं. रोज तीनदा लिहा. तासाभरात उत्तर द्या. ज्याची चर्चा चालू आहे तिच्यात आपलं नाव घाला. सगळे उतरवून घेत होते. मंदाने काही लिहिलं नाही. हात वर केला आणि काठी घेऊन उभी राहिली. तिला उभं राहायला वेळ लागतो, तेवढ्यात हॉल गप्प झाला.

“मॅडम, रोज तीनदा लिहायचं, ते समजलं. पण सांगण्यासारखं काही नसलं तर?”

मागे कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. “तुम्ही काय करता?”

“गप्प राहते. मासे नाहीत त्या दिवशी, मासे नाहीत एवढंच लिहिते.”

मॅडमनी तिच्या पानाचं नाव विचारून घेतलं.

महिन्याभराने त्यांचा निरोप आला. ऑफिसातली अकरा माणसं घेऊन मार्गशीर्षात चार दिवस येते, तिन्ही खोल्या हव्यात. एवढे पाहुणे एकदम कधी आले नव्हते. मंदाने मला विचारलं, “आबा, यंदा गावपळण आसा मां?”

आता हे सांगायला हवं. आमच्या गावात तीन वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की सगळं गाव घराला कडी घालून वेशीबाहेर जातं. म्हातारी माणसं, पाळण्यातली मुलं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळं. तीन दिवस तीन रात्री गावात कोणी राहायचं नाही. ओढ्यापलीकडे झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं. तारीख कॅलेंडरात नसते. ती देव सांगतो, आणि सांगतो तेही चार दिवस आधी.

“देव यंदा पौषात ढकलतलो,” मी म्हणालो.

“तुमका देवान सांगल्यान?”

“माजो अंदाज हा. घे बुकिंग.”

मंदाने माझ्यावर विश्वास ठेवला आणि घेतलं. देवाने कौल दिला तो नेमका त्या चार दिवसांतल्या पहिल्या दिवसाचा.

मी बूथवर गेलो. त्या दिवशी मला मंदाची ती गाळायची तालीम नको होती. म्हटलं, “लिही, घरात आजारपण हा. नायतर लिही, विहीर आटली.” पुण्याच्या सुटाबुटातल्या माणसांना कसं सांगायचं की देवाने घर सोडायला सांगितलं म्हणून आम्ही कोंबड्या घेऊन पळतोय?

मंदा म्हणाली, “उशी दगडासारखी हा, ता लिवलंय. आता विहीर आटली म्हणान लिवलंय तर उशी पण खोटी ठरतली.”

“मगे ती पुण्याची माणसा येवची नाय. आणि काठावर बसलेत ते सगळे उठान जातले. तुझा काय?”

“माजा मी बघतंय,” ती म्हणाली. पण काठी उगाच या हातातून त्या हातात घेत राहिली. मग लिहिलं. मला वाचून दाखवलं, ते अजून पाठ आहे. ‘त्या तीन दिवसांत आमच्या गावात कोणी नसेल, कोंबडीसुद्धा नाही. आम्ही ओढ्यापलीकडे खोपीत असू. घर हवं असेल तर पुढच्या आठवड्यात या. आम्ही हवे असू तर त्याच दिवशी या.’

दोन दिवस उत्तर नाही. मंदाने त्या दोन दिवसांत माझ्या अंदाजाला एका शब्दाने दोष दिला नाही, तो मला जास्त लागला. तिसऱ्या दिवशी ओळ आली: ‘त्याच दिवशी येतो. कोंबड्या उचलायला माणसं लागतील का?’

लागलीच. माझ्या बायकोने केतकी मॅडमच्या हातात तुरेवाला कोंबडा दिला. त्या तो दोन्ही हातांनी लांब धरून ओढा ओलांडून गेल्या, तो कोंबडा वाटभर त्यांच्याकडे संशयाने बघत होता. खोपी शेजारी शेजारी, चुली एकत्र, दिवसभर गप्पागजाली. पुण्याची माणसं माडाच्या झावळ्या विणायला बसली. माझी विणून झाली की मी त्यांची उसवून परत विणायचो.

दुसऱ्या दिवशी देवळाचे मानकरी खोपीत आले. मला आणि मंदाला बाजूला घेऊन म्हणाले, “पावण्यांतलो एकलो जरी साकव ओलांडून गावात गेलो, तर देवाक परत विचारूचा लागतला. मगे तुमचा ता पान आणि तुमचे पावणे, दोनय बंद.”

साकव म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल. बूथवरची लाल खुर्ची मंदाने आणलेली होतीच. ती उचलायला लावली, साकवाच्या या तोंडाला ठेवली आणि बसली. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत. जेवण तिथेच.

दुपारी पुण्याच्या पाहुण्यांतला कॅमेरेवाला आला. दाढीवाला, गोड माणूस. मी जवळच झावळ्या विणत होतो.

“मंदाताई, एकच फोटो. माणूस नसलेल्या गावाचा. जगात कोणाकडे नसेल. दोन मिनिटांत परत येतो.”

“जा की,” मंदा म्हणाली. माझ्या हातातली झावळी थांबली. “पण तुम्ही तिकडे गेलात की गावात एक माणूस झाला. मग फोटो कसला काढणार?”

तो पुलाकडे बघत उभा राहिला. मग हसला आणि तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला. संध्याकाळपर्यंत दोघं पलीकडच्या झाडीकडे बघत होती. कॅमेरा पिशवीत. मध्येच पलीकडून एक घुबड ओरडलं, तर मंदा म्हणाली, “दिवसा. तेका पण कळला, कोण नाय ता.”

चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला आणि सगळे घराकडे पळाले. आमची गुरं माझ्याआधी पोचली. मंदाने पानावर दोनच ओळी लिहिल्या: ‘तीन दिवस आमच्या गावात कोणी नव्हतं. फोटो नाही.’

ते किती जणांनी वाचलं मला माहीत नाही. पण त्यानंतर काठावरचे सगळे मंदाच्या बूथवर रांगेत उभे राहिले, आणि मानकऱ्यांनीही आपल्या कोकमाचं पान लिहून घेतलं. त्यांना तिने आगळाचा, म्हणजे कोकमाच्या रसाचा, रंग खरा आहे का हे तीनदा विचारलं.

केतकी मॅडम जाताना माझ्या ओटीवर बसल्या होत्या. मंदाला म्हणाल्या, “पुण्यात माझ्याकडे बोलणारी माणसं खूप आहेत. थांबायचं कुठे, हे सांगणारं कोणी नाही. याल?”

मंदाने उत्तर द्यायला तीन महिने घेतले. तासाभरात उत्तर द्या म्हणणाऱ्या बाईने ते तीन महिने वाट बघितली, हे मला आवडलं. गावातली पानं ती तिथूनही लिहिणार होती. भावजय रडली. मंदाने तिला सांगितलं, “आता खरी आठवण येतली बघ तुका माजी.”

निघायच्या दिवशी ती बूथवर आली. सामान एसटी थांब्यावर ठेवलेलं. टेलिफोन खात्याची माणसं दुपारी यंत्र काढून नेणार होती. तिच्या हातात नवीन मोबाईल होता. मला म्हणाली, “आबा, शेवटचो फोन तुमी लावा.”

“कोणाक?”

“माका.”

मी केबिनमध्ये शिरलो. रिसीव्हर उचलायला गेलो तर काचेवर काठी वाजली.

“आधी सांगा, काय सांगूचा हा?”

“आज नाय सांगणंय,” मी म्हणालो. “आज माजा मी गाळतंय.”

बरंच होतं. खंड्या म्हातारा झालाय, पान कोण बघणार, पुण्याच्या थंडीत पाय दुखेल, भावाशी बोलणं झालं ते तुझ्यामुळे. आणि सगळ्यांत वर एक होतं, जे बोललो असतो तर ती कदाचित थांबली असती. ते आधी काढलं. मग बाकीचं.

नंबर फिरवला. बाहेर तिचा मोबाईल वाजला. तिने कानाला लावला आणि सवयीने लाल खुर्ची फिरवून तोंड भिंतीकडे केलं, त्या जुन्या कॅलेंडरकडे. बोलणं तिच्याशीच होतं, तरी.

“पोचलंस की फोन कर,” मी म्हणालो.

मी काचेतून तिची पाठ बघत राहिलो. बाहेर कंडक्टरने घंटी मारली तेव्हा कानात आवाज आला, “करतंय, आबा.”